पंचफुलाची उन्हाळ्यातली पोथी

माझी नणंद पंचफुला चौथी शिकलेली. मी दुसरीतूनच शेणाच्या पाटीकडं गेले, त्यामुळं मला अक्षरं ओळखू यायची, पण ती एकामागं एक चालायची नाहीत. पंचफुला वाचायला बसली की तीच अक्षरं मुकाट रांगेत चालायची. पुढं आयुष्यभर बायका तिच्याकडं कागद घेऊन आल्या. वाईट बातमी असली तर ती आधी पाणी प्यायला द्यायची, पण शब्द एकही गाळायची नाही.

तिचा हा गुण मी पहिल्यांदा पाहिला तो रिठदला लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. पन्नास सालानंतरची गोष्ट. नेमकं साल विचारू नका, आमच्याकडं विहीर कधी आटली त्यावरून वर्ष लक्षात ठेवायचे.

आमचा मळा वांग्या-मिरच्यांचा. चैत्रात तिथलं काम कमी झालं की दुपारी ओसरीवर शेवयांचा घाट घातला जायचा. त्या वर्षी पंचफुलाची अकोल्याची मावसबहीण राहून गेली आणि जाताना एक पुस्तक मागं ठेवून गेली. वरचं पान फाटलेलं. कुमुद नावाची कॉलेजातली पोरगी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी येते, तिथं वसंत नावाचा पोरगा भेटतो, अशी ती कादंबरी. पंचफुला एका दुपारी खांबाला टेकून, पुस्तक जमिनीवर ठेवून ती मोठ्यानं वाचू लागली. माझी सासू जिजाबाई पीठ मळता मळता थांबली.

"खाली टेकवून पुस्तक वाचतात का वं? पाप लागते!"

सासूनं जन्मभर मोठ्यानं वाचलेली एकच गोष्ट ऐकली होती, ती म्हणजे पोथी. तिनं पाट मांडला, त्यावर लाल फडकं घातलं, पुस्तकाला हळद-कुंकू लावलं.

"माय, हे पोथी नोहे, गोष्ट हाय," पंचफुला म्हणाली.

"पोथीत तरी का असते? गोष्टच असते ना. वाच."

मग सगळं पोथीसारखंच सुरू झालं. रोज एक अध्याय. अध्याय संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. संपला की पुस्तकाच्या पाया पडायचं आणि गूळ-दाणे घ्यायचे. शेजारच्या आळीतल्या बायका पोळपाट घेऊन येऊ लागल्या. वाचन चालू असताना त्यांची तोंडं काही बंद नसायची.

"ह्या वसंत्याले काही कामधंदा नाही का वं? सकाळपासून नदीवर!"

"अन तिची मामी कुठी मेली? पोरगी अशी मोकळी सोडते?"

कुमुदला ताप आला त्या दिवशी शेजारच्या रामीबाईनं मारोतीला नारळ बोलला. पंचफुलानं सांगून पाहिलं की कुमुद खरी नाही. रामीबाई म्हणाली, "खरी नाही, पन ताप त हाय ना?"

हीच रामीबाई रिसोडच्या बाजारात वांगी विकायला गेली आणि शेजारी बसलेल्या केनवडच्या बायांना सगळं सांगून आली. आमच्या पंचफुलाच्या पोथीत पोरगा नदीवर पोरीची वाट बघत बसतो म्हणे. तिनं कौतुकानंच सांगितलं. पण केनवडला पंचफुलाची सोयरीक ठरत आली होती. कुंकू लावायचं तेवढं राहिलं होतं. पोरगा गुलाबराव, घरची बागाईत, आणि बाजारात एकदा ओझरता पाहिलेला तो पंचफुलाच्या मनात भरलेला. हे मला ठाऊक होतं, कारण त्यानंतर तिनं दोन दिवस भाजीत मीठच घातलं नव्हतं.

चार-सहा दिवसांत पोराची आई हौसाबाई छकडा जुंपून आमच्या दारात. निरोप नाही, काही नाही. ऐन दुपारची, वाचन सुरू व्हायच्या वेळेला. उंच, सावळी बाई, बोलणं मोजकं. ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "पोरगी पोथी वाचते म्हन्तेत. आयकाव म्हटलं."

सासूच्या हातातली शेवई तुटली. तिनं पंचफुलाला आत ओढलं, मी चुलीपाशीच होते.

"तुले ओव्या पाठ हायेत ना? पुस्तक समोर ठेव अन ओव्या म्हन. तिले कुठी वाचता येते!"

"नाही माय."

"अवं, सोयरीक मोडन!"

मीही म्हटलं, "बाई, आजच्या दिवस म्हना."

पंचफुलाचं तोंड उतरलं होतं. पण ती बाहेर गेली, पाटापाशी बसली आणि राहिलेलं पान उघडलं. नेमकं हात धरण्याचंच! कुमुद घागर भरते, वसंत तिचा हात धरतो आणि विचारतो, सुट्टी संपली की मला विसरशील का? पंचफुलानं सगळं वाचलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. हात धरल्याच्या ठिकाणी आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. रामीबाईसुद्धा गप्प होती, एवढ्यावरून काय ते समजा.

अध्याय संपला. हौसाबाईनं सवयीनं पुस्तकाच्या पाया पडून गूळ घेतला. मग तो हातातच धरून बसली.

"हे पोथी नोहे."

"नाही मावशी."

"मंग पोथीच हाय असं मले काहून सांगितलं नाही? मले त अक्षर येत नाही. तू काहीबी म्हनली असती त मी मान डोलावून गेली असती."

पंचफुला खाली बघत म्हणाली, "तुमाले येत नाही म्हूनच त. येनाऱ्याशी खोटं बोललं त तो धरू शकते."

मी तेव्हा पदराआड तोंडावर हात ठेवला. इतकी धिटाई मला सात जन्मांत जमली नसती.

हौसाबाईनं हातातला गूळ तोंडात टाकला.

"आमच्या घरी कागद येते. कोनीबी वाचून दाखवते. तो लिहिलं ते सांगते का त्याच्या मनातलं, मले का माईत? मी हो म्हन्तो अन अंगठा देतो." तिनं पंचफुलाकडं नीट पाहिलं. "मंग? ते पोरगी का म्हनली त्याले?"

"ते उद्याच्या अध्यायात हाय."

"उद्या मी कुठी येऊ? आज वाच!"

तिनं गाडीवानाला हाक मारून बैल सोडायला लावले. सासूनं मळलेलं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि तीही ऐकायला बसली. पुढचा अध्याय झाला, त्याच्या पुढचाही झाला. कुमुदच्या वडिलांनी लग्नाला नाही म्हटलं तेव्हा हौसाबाईनं त्यांना अशा शिव्या दिल्या की पंचफुलाला हसू आवरेना.

उन्हं कलली तेव्हा माझे सासरे बापूराव मळ्यातून आले. दारात परका छकडा, बैल सुटलेले, ओसरीवर केनवडची बाई. बिचारे तिथंच थबकले. हौसाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हातानं त्यांना थोपवलं.

"बसा इवाई, गपचूप बसा. आंधी ह्या कुमुदचं लगन लागू द्या."

आमच्याकडं इवाई म्हणजे व्याही. सासरे टोपी हातात घेऊन मुकाट खाली बसले. सासू उठून घरात गेली, डब्यातली साखर शोधायला. पंचफुलानं पान उलटलं, पण पुढची ओळ तिला बराच वेळ वाचता येईना.