माझ्या खुर्चीवर शिरडच्या मावशी

वसमतच्या आमच्या लहानशा रेडिओ केंद्रावर मी सकाळचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा माझी लेक बालवाडीत होती. आता ती नांदेडला नर्स आहे. एवढी वर्षं माझा दिवस एकाच वाक्यानं उजाडला : "राम राम, जय भीम, सलाम, नमस्कार! उठलात का?" पहिल्या दिवशी घाबरून काही सुचेना, म्हणून आमच्या गल्लीत सकाळी जे जे कानावर पडतं ते एका दमात बोलून टाकलं होतं. लोकांना आवडलं, मग तेच कायम झालं.

कार्यक्रम साधाच. मोंढ्याच्या बाजारातले हळदीचे न् कापसाचे भाव, कुठल्या गावची बस आज बंद, कुणाची शेळी हरवली, कुणाच्या घरी लेकरू झालं, मधून मधून गाणी आणि शेवटी लोकांचे फोन. आमचं केंद्र फार लांबवर ऐकू येत नाही. हवा चांगली असली तर शिरड शहापूरपर्यंत लागतं, त्यापलीकडचे लोक मोबाईलवर ऐकतात.

एका हळदीच्या हंगामात माझा आवाज बसायला लागला. मोंढ्यात जाऊन येते, धूळ गेली असेल, असं म्हणत मी गरम पाणी पीत राहिले. मग एका सकाळी भाव सांगता सांगता आवाज गेलाच. ओठ हलत होते, बाहेर नुसती हवा. शेजारी बसलेल्या तंत्रज्ञ पोरानं घाईघाईनं गाणं लावलं.

नांदेडच्या डॉक्टरांना स्वरयंत्रावर गाठ दिसली. नशिबानं साधी निघाली. त्यांनी ती काढली आणि म्हणाले, "आता मी सांगेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

मी कागदावर लिहिलं, 'आवाज पहिल्यासारखा येईल?'

"आवाज येईल. पण पहिल्यासारखाच येईल, असं नाही सांगता येणार."

परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. नवरा एस.टी.त कंडक्टर, दिवसभर माणसांशी बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यानं नुसती माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

केंद्राचे प्रमुख निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना सरच म्हणतो. त्यांनी माझे जुने कार्यक्रम लावायचं ठरवलं. पहिल्याच सकाळी लोकांनी ओळखलं. जुने भाव, झालेली लग्नं. फोनवर फोन आले. "ताईला काय झालं? खरं सांगा." शेवटी सरांनी सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं शिरड शहापूरहून एक बाई केंद्रावर आल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज पाठ होता. त्या कपडे शिवायच्या. रोज फोन करायच्या तेव्हा मागे मशीनची घरघर यायची, म्हणून मी त्यांना मशीनवाल्या मावशी म्हणायची. त्या सरांना म्हणाल्या, "ताई बऱ्या होईस्तोवर मी बोलते."

"तुम्ही कधी माईकवर बोललात का?" सरांनी विचारलं.

"न्हाई. पण ताईसंगं इतके वर्षं रोज बोलूनच राहिले ना मी? त्येच इथं बसून बोलायचं."

हे सरांनी मला नंतर सांगितलं. मी घरी रेडिओ लावून बसले होते आणि अचानक मावशींचा आवाज आला, "सुरू झालं का व्हय? मग सांगायचं ना!" नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला. पुढं मावशी म्हणाल्या, "मी शिरडची. माईकसमोर पहिल्यांदाच बसले, सांभाळून घ्या. आमच्या ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. त्या ऐकत असतील. ताई, तुमी बोलू नका. आमी बोलतो."

मला हसू आलं आणि हसायलाही बंदी! तोंडावर पदर दाबून बसले. डोळ्यांतून मात्र पाणी आलं.

आठ-दहा दिवसांनी ते हसू ओसरलं. मावशींचा कार्यक्रम रंगायला लागला होता. बायका त्यांना फोन करून ब्लाऊजच्या गळ्यापासून सासूच्या गुडघ्यापर्यंत सगळं विचारत होत्या. मला बायका इतकं कधी विचारत नव्हत्या. मी लेकीच्या जुन्या पाटीवर लिहिलं, 'लोकांना आता माझी गरज नाही.'

नवऱ्यानं ते वाचलं आणि खडूनं खाली लिहिलं, 'ऐक नीट.' बोलायची बंदी मला होती, त्याला नव्हती; तरी त्यानं लिहिलं. मी ऐकलं. मावशी रोज शेवटी एकच सांगत होत्या, "ताईची जागा मी धरून बसले. बसमधी धरतात तशी."

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा मी पहिल्यांदा नवऱ्याला हाक मारली. जाड, खरखरीत आवाज निघाला. मला तो ओळखीचा वाटेना. बरेच दिवस घरातच बोलण्याचा सराव केला, आणि मग एका सकाळी नुसतं बघून यावं म्हणून केंद्रावर गेले. मला पाहताच मावशी उठून उभ्या राहिल्या. काळ्यासावळ्या, उंच, गळ्यात मापाची टेप तशीच.

"बसा मावशी," मी म्हणाले.

"हा तुमचा आवाज हाय?"

"आता हाच आहे."

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि माईक माझ्याकडे वळवला. माझ्या तोंडून राम राम, जय भीम एवढं निघालं आणि पुढं अडलं. सलाम, नमस्कार मावशींनी पूर्ण केलं.

पहिला फोन नरसीहून आला. देवळाजवळ प्रसादाचं दुकान असलेले एक काका मोबाईलवर ऐकायचे. "दुसऱ्या बाई कोण बोलून राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"काका, मीच ती. जुनीच."

ते म्हणाले, "बरं झालं बाई. पहिले तुमी लई गोड बोलायच्या, आमाला तसं बोलता येत न्हाई असं वाटायचं. आता बराबर आमच्यासारखा आवाज झाला."

मावशी खळखळून हसल्या. मीही हसले, पदर न लावता.

तेव्हापासून सकाळी आम्ही दोघी असतो. शिलाईचं काम त्या दुपारी करतात. माझा आवाज थकला की त्या बोलतात, आणि लग्नसराईत त्यांना वेळ नसला की मी एकटी सांभाळते. आता फोन करणाऱ्यांना आम्ही केंद्रावरच बोलावतो. एक उर्दू शाळेतल्या बाई आल्या, ऊसतोडीहून परतलेलं एक जोडपं येऊन गेलं. गेल्या आठवड्यात एका बाईनं फोनवर अगदी हळू विचारलं, "मला जमल का वो तिथं बोलायला? माझा आवाज लई बारीक हाय."

"मोठा करायचं बटण आहे आमच्याकडं," मावशी म्हणाल्या. "तुमी फक्त या."