मी निघाले तेव्हा भांडं फिरत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. लिहिता लिहिता दोनदा उठले, पुन्हा येऊन बसले. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

चितेगावच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही प्लास्टिकचे पोकळ गोळे बनवायचो. मोहरीएवढे. ते दूरच्या प्रयोगशाळेत जायचे. तिथं त्यांच्यात वायू भरून चहूबाजूंनी लेझर मारायचे — सूर्यात जळतं तसं काही इथं पेटतं का, ते बघायला. म्हणून कवच सगळीकडून सारखं जाड हवं. काचेच्या भांड्यात, पाण्यात, प्लास्टिकचे ओले थेंब तासन्‌तास हळूहळू फिरत ठेवायचे. घट्ट व्हायच्या आत भांडं थांबलं, की एक बाजू जाड, एक पातळ. सगळा घाणा वाया.

माझ्यानंतरची पाळी सुनंदाची. करमाडची, माझ्याच वयाची. एका डब्यात जेवायचो आम्ही. त्या वर्षी आमच्यातल्या एकीला त्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवणार होते, आणि आमच्या सरांनी सुनंदाचं नाव जवळजवळ ठरवलं होतं. मला ते खुपलं होतं का? — खुपलं होतं.

दुष्काळाचा उन्हाळा. मी राहायचे त्या गारखेड्यात नव्या इमारती उठत होत्या, नळ कोरडे. दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला, "टँकर आलाय, लवकर ये." पाळी संपायला अजून वेळ होता. भांडं फिरत होतं. मी स्कूटी काढली — कुणालाच न सांगता.

ड्रम भरले, परत कामावर गेलेच नाही. आणि मागे कारखान्यात वीज गेली. दिवसातून कितीदा जायची, वेळ कोण लक्षात ठेवणार? जनरेटर लागला, पण भांड्याची मोटर बटण दाबल्याशिवाय सुरू होत नसे. दाबायला तिथं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गोळा बिघडलेला. सरांनी विचारलं. सुनंदा म्हणाली, "मी आले तवा बंदच व्हतं, सर. मी लगेच चालू केलं."

"मी निघाले तेव्हा फिरत होतं," मी म्हणाले. खरंच होतं ते — नाही का?

बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला. रागानं नव्हे. "माझी पाळी लागेपर्यंत तू तिथंच व्हतीस ना?"

मी तिच्याकडे बघून म्हणाले, "हो."

तिनं हात सोडला. मग हळूच म्हणाली, "मग चालू करताना माझ्याच हातून कायतरी झालं असंल." आणि जाऊन सरांना तसं सांगून आली. स्वतःहून. मी अडवलं? — मी पाणी प्यायला गेले.

शिकायला मला पाठवलं. वर्षभरात तिनं काम सोडलं.

परवा एका लग्नात भेटली. तिच्या मुलीला माझी ओळख करून देत म्हणाली, "ही माझी मैत्रीण, लई हुशार. मला मेलीला त्या यंत्राचं कधी जमलंच नाय. एकदा आख्खा घाणा घालवला मी."

"जाऊ दे गं," मी म्हणाले. "जुनं झालं ते."

माफ करणाऱ्याच्या आवाजात म्हणाले मी.