आडवी हो!

कळ आली की पाठीवर पडवत नव्हतं, कंबर फुटायची. पलंगाचा कठडा धरून उभं राहिलं, तरच श्वास घेता यायचा. पण कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यातली सिस्टर दर कळेला ओरडायची, "आडवी हो!"

"न्हाय होणार!" मीही ओरडायचे.

शेवटी ती वैतागली. "डॉक्टर, आडवी होतच न्हाय ओ ही!"

दाराबाहेर बसलेल्या माझ्या आईला एवढंच ऐकू गेलं, आडवी. मूल पोटात आडवं आलं की बाई आणि बाळ दोघंही जातात, अशी धास्ती घेऊनच ती मोठी झालेली. तिनं हंबरडा फोडला. तो मला आत ऐकू आला. बाळाचं काहीतरी झालंय आणि हे लोक मला सांगत नाहीत, असंच वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, ठोके ऐकले. "डोकं खालीच आहे. राहू दे तिला तशीच."

गुडघ्यांवर बसूनच मी बाळंत झाले.

आई आत आली. "आडवं हुतं न्हवं गं?"

"पोरगी सरळच हुती. आडवी हो म्हणून मला सांगत हुते. मी न्हाय म्हटलं."

आई पलंगाकडं बघत राहिली.

"तिथं न्हाय म्हणता येतंय व्हय?"