एक थेंबही सांडणार नाही

तवराजाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गारठा लागला की खडूसारखी पांढरी पडत. मग त्यांत टाचणी टोचली तरी त्याला कळत नसे. कोंबड्या कापायच्या कारखान्यात अकरा वर्षं उभं राहिल्याची ती कमाई. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, अजून दोन हिवाळे त्या थंडगार दालनात काढलेत तर ही बोटं परत यायची नाहीत.

तवराजा मूळचा वायरमन. श्रीलंकेतल्या जाफन्याला लढाईच्या दिवसांत वीज नव्हती, तेव्हा सायकल उलटी करून, तिच्या डायनामोवर त्याने अख्ख्या गल्लीला रेडिओ ऐकवला होता. बोटं गेली तर त्या माणसात उरणार काय? म्हणून गेल्या वर्षी आवणी हा तमिळ महिना संपता संपता, सप्टेंबरच्या मध्याला, त्याने कारखाना सोडला आणि कॅनडात स्कारबरोतल्या आपल्या तळघराच्या बिऱ्हाडात नवा धंदा काढला. लोकांची घरं शहाणी करायची. माणूस आला की दिवा लागेल, फोनवरून कुलूप उघडेल, पडदे आपोआप सरकतील.

त्याची बायको सुगंधिनी वृद्धाश्रमात दोन पाळ्या करी. तिने एक वर्षाची मुदत दिली होती. "वर्षभर मी ओढते," ती म्हणाली होती. "पुढची आवणी संपेपर्यंत धंदा उभा राहिला नाही, तर हातमोजे घालायचे आणि कोंबड्यांकडे परत जायचं. रडायचं नाही."

दहा महिन्यांत त्याने सात दारांच्या घंट्या आणि एका मेहुण्याचं गॅरेज एवढंच काम केलं. गोरी माणसं विचारत, या देशातला अनुभव किती? आपली माणसं तेही विचारत नसत. देवळाच्या सभागृहात एकजण त्याच्या पाठीवर थोरल्या भावासारखा हात ठेवून म्हणाला, "तंबी, राग मानू नकोस. आपल्या माणसाला काम दिलं की ते बिघडल्यावर ओरडताही येत नाही."

आणि मुदतीला पन्नास दिवस उरले असताना कृपाकरन यांचा फोन आला. कृपाकरन घरं विकायचे. आसपासच्या निम्म्या तमिळ कुटुंबांनी घर घेतलं ते त्यांच्या हातून. आता शेजारच्या मार्कम गावात त्यांचं स्वतःचं नवं घर उभं राहिलं होतं.

"घरभरणीला तीनशे माणसं येतील," ते म्हणाले. "घर बघून त्यांनी तोंडात बोट घातलं पाहिजे. घातलं, तर मी विकेन त्या प्रत्येक घरात तूच. मग जेवायलासुद्धा फुरसत मिळायची नाही तुला."

एक काम त्यांनी खास सांगितलं. त्यांच्या आई, नागम्मा, एक्याऐंशीच्या. भांडं चुलीवर ठेवून विसरून जायच्या. जुन्या घरी दोनदा आगीचा बंब आला होता. तवराजाने परवानाधारक गॅसवाल्याकडून नळीवर आपोआप मिटणारी झडप बसवून घेतली आणि तिचं डोकं स्वतः जुळवलं. चुलीच्या वर एक लहानसा डोळा. त्याला वाफ आणि उष्णता कळायची. भांड्यातलं काठाशी आलं की झडप बंद. आणि एकदा बंद झाली की पंधरा मिनिटं कुणालाही उघडायची नाही, म्हणजे म्हातारी लगेच पुन्हा पेटवायला नको.

तीन दिवस त्याने ती पारखून पाहिली. पाणी, कांजी, डाळ, रसम. प्रत्येक वेळी फेस काठाच्या एक बोट खाली थांबला. नागम्मा खुर्ची ओढून बसत आणि सगळं बघत.

"म्हणजे काहीच उतू जाणार नाही?"

"एक थेंबही सांडणार नाही, अम्मा."

"शहाणं झालंय घर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, जरा वेळ आठवत बसल्या आणि म्हणाल्या, "चहा घेणार का?"

घरभरणीच्या शनिवारी सुगंधिनीने रजा काढली. त्याच्या वेष्टीला, सणासुदीच्या पांढऱ्या धोतराला, इस्त्री केली. पंचांगाप्रमाणे नवाला राहुकाळ लागत होता, त्याआधी सगळं उरकायचं होतं. तीनशे माणसांनी घर तापू नये म्हणून तवराजाने पहाटेपासूनच घर चांगलं गार करून ठेवलं होतं. दाराने पाहुण्यांचं तमिळमध्ये स्वागत केलं. पुरुषमंडळी पोरांसारखी पडदे मागेपुढे करत होती. "ए, याचा नंबर घे रे," असं कुणीतरी कुणाला म्हणाल्याचं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

साडेआठच्या सुमाराला सगळे स्वयंपाकघरात जमले. हळकुंड बांधलेलं कोरं पितळी पातेलं, त्यात पाऊण भांडं दूध. कृपाकरन यांच्या बायकोने, वत्सला अक्कांनी, चूल पेटवली. अय्यर भटजी मंत्र म्हणू लागले. दूध हलायला लागलं, कडेने बुडबुडे धरले, मधोमध साय फुगली. दूध आता उतू जाणार आणि घर भरणार, म्हणून सगळ्यांनी हात जोडले. लहानपणापासून वीस घरभरण्यांत जोडले होते तसे तवराजाचेही हात आपसूक जोडले गेले. आणि त्याच क्षणी त्याची नजर चुलीवरच्या डोळ्यावर गेली.

पाणी पाहिलं होतं. कांजी पाहिली होती. दूध पाहिलं नव्हतं.

तो एक पाऊल पुढे आला. टक् असा बारीक आवाज झाला आणि ज्योत विझली. वर चढलेली साय हळूहळू खाली बसली. छतातून एक गोड बायकी आवाज, चार आवाजांतून त्याने स्वतः निवडलेला, म्हणाला, "काळजी नसावी. चूल बंद केली आहे."

मागे कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"काय झालं?" वत्सला अक्का म्हणाल्या. "पेटव ना रे."

"अक्का, पंधरा मिनिटं... ती उघडत नाही." तो फोनवर बोटं आपटत होता. त्याला माहीत होतं, उपयोग नाही. फोनवरून आपल्यालाही उघडता येऊ नये अशी सोय त्यानेच केली होती, मोठ्या अभिमानाने.

घड्याळात आठ शेहेचाळीस. अय्यरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मंत्र सावकाश म्हणायला सुरुवात केली.

"परसातल्या शेगडीवर नेऊ या," एक काका म्हणाले.

"पहिलं दूध घराबाहेर काढता? काय बोलता?" त्यांची बायको म्हणाली.

झडपेला गॅसवाल्याने ठेवलेली, हाताने उघडायची एक कडी तेवढी होती, चुलीच्या मागे, दगडी ओट्याखाली. तवराजा खालचे खण उपसून पोटावर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मागची नळी बर्फासारखी गार होती. बोटं कडीपर्यंत पोचली असावीत. पोचली की नाही ते त्याला कळेना. त्याने हात बाहेर काढून पाहिलं. दोन्ही बोटं पांढरी फटक. त्याने ती तोंडात घातली, पुन्हा हात आत घातला. कडी काही पकडीत येईना. त्याच्या डोक्याजवळ तीन माणसांचे पाय होते, त्यांतले एक जोडवीवाले, सुगंधिनीचे.

नऊ वाजून एक मिनिटाने तोच आवाज म्हणाला, "चूल आता वापरता येईल."

चूल पेटली. पण दूध पुन्हा चढलं की डोळा पुन्हा विझवणार, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तेव्हा खुर्चीतून नागम्मा म्हणाल्या, "त्याच्या डोळ्यावर फडकं टाका."

कुणीतरी भांडी पुसायचं फडकं टाकलं. सहा मिनिटांनी दूध उतू गेलं, चुलीवरून ओट्यावर आलं, खाली सांडलं. राहुकाळ लागून गेला होता. कुणी हात जोडले नाहीत.

कृपाकरन त्याला बाजूला घेऊन गेले. त्यांनी आवाज चढवला असता तर तवराजाला बरं वाटलं असतं.

"जेवून घे, तंबी. मग सगळं काढून टाक."

"अण्णा, चुलीचं काढतो. बाकीचं..."

"सगळं. पहिल्या दिवशी दूध अडवणारं घर. हे दाखवून मी लोकांना घरं विकू? तू तर आपल्यातला. परक्याने केलं असतं तर म्हटलं असतं, त्याला काय ठाऊक."

तवराजा शिडी आणायला गेला.

लोक पंक्तीत बसले. पोंगल, वडे, सांबार. तवराजा शिडीवर चढून दिवे काढत होता आणि सुगंधिनी खाली उभी राहून स्क्रू डब्यात टाकत होती. पाहुणे शिडीला वळसा घालून हात धुवायला जात. एकदा मध्येच ती म्हणाली, "हात द्या इकडे," आणि त्याची बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहिली, सगळ्यांदेखत.

शेवटी राहिली नागम्मांच्या खोलीजवळची दिव्यांची पट्टी. पाय टेकला की जमिनीलगत उजेडाची रेघ उमटायची, न्हाणीपर्यंत. त्या पलंगावर बसल्या होत्या.

"ही राहू दे."

"अण्णांनी सगळं काढायला सांगितलंय, अम्मा."

"त्याला मी सांगते. रात्री माझ्या पायांना दिसतं ती असली की." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुला काहीतरी सांगायचं होतं रे. दुधाचंच होतं बहुतेक. विसरले बघ."

त्याने पेचकस खिशात ठेवला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

गाडी सुगंधिनीने चालवायला घेतली. मागच्या सीटवर खोकी एकमेकांवर आपटत होती.

"अजून वीस दिवस आहेत," तो म्हणाला.

सिग्नलला तिने गाडी थांबवली. "कारखान्याचा मुकादम आला होता जेवायला," ती म्हणाली. "मी विचारलं त्याला. सोमवारपासून ये म्हणालाय."

"केव्हा विचारलंस?"

"तुम्ही शिडीवर होतात तेव्हा."

बाहेर ऑगस्टचं कडक ऊन होतं. तवराजाने गाडीतली गरम हवा सुरू केली आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले. सुगंधिनीच्या कपाळावर घाम आला, तरी तिने ती बंद केली नाही.