उरलेला सेल

“जोडी मोडली की सेल कामातून गेला.”

आमच्या गल्लीतले फोटोवाले हे वाक्य येता-जाता म्हणायचे, आणि तेही असं खणखणीत, की समोरच्या घरात भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबावा. शाळेतल्या वर्गांचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढणं हा त्यांचा धंदा. कॅमेरा डिजिटल, पण जुना, पोटात चार पेन्सिल सेल घेणारा. त्या सेलांवर त्यांचं घर चालायचं, म्हणून सेलांवर त्यांचा जीव.

खिडकीशी टेबल होतं आणि टेबलावर चार्जर. उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसे ते त्याच्या दिव्याकडे बघत बसायचे. सेल घ्यायचे ते चारही एका कंपनीचे, एका ताकदीचे, एकाच दिवशी. प्रत्येक चौकडीला सुनेच्या नखांना लावायच्या रंगाचा ठिपका. एकीला लाल, दुसरीला गुलाबी. लालात गुलाबी मिसळलेला त्यांना खपत नसे. कुणी शेजारी नव्या सेलाबरोबर जुना घालून कॅमेरा बंद पडल्याची तक्रार घेऊन आला, की ते म्हणायचे, तरण्या बैलाशेजारी म्हातारा जुंपलात, आता दोघांनाही बसवून खायला घाला. सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, काम असेल त्याच्या आदल्या दिवशी भरून घ्या, असं सगळं ते न विचारता सांगायचे. भिंतीवरच्या घड्याळात मात्र ते दुकानातला साधा सेल घालायचे. घड्याळ थेंबाथेंबानं पितं, चार्जिंगचा सेल तिथं नुसता बसून रिकामा होतो, हेही त्यांचंच म्हणणं. आणि ते खरंही होतं.

चौकडी थकली की कॅमेऱ्यातून उतरून टॉर्चमध्ये जायची, तिथून टीव्हीच्या रिमोटमध्ये. या प्रवासात एखादा सेल मरायचा आणि त्याचा जोडीदार एकटा उरायचा. तो उरलेला सेल बायकोच्या कानाच्या मशीनमध्ये जायचा.

“त्याला एकच तर लागतो,” फोटोवाले म्हणायचे. त्याला एकच लागायचा, यात खोटं काही नव्हतं.

ते मशीन म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. बायको ती स्वेटरच्या खिशात ठेवायची आणि वायर कानापर्यंत न्यायची. पहिल्यांदा मशीन आणलं तेव्हा तिला पानांची सळसळसुद्धा ऐकू आली होती. पुढे हळूहळू आवाज लांब गेले. लेकीचा फोन आला की “बरी आहेस ना” एवढंच म्हणून ती फोन सुनेच्या हातात द्यायची. शेजारणींत बसणं सुटलं, कारण सगळ्या हसून झाल्यावर हिचं हसू यायचं आणि ते तिचं तिलाच टोचायचं. घरात काही विचारलं आणि उत्तर कळलं नाही, तर ती दुसऱ्यांदा विचारायची. तिसऱ्यांदा विचारत नसे.

फोटोवाल्यांनी ठरवून टाकलं की हिचे कान गेले. मोठ्या शहरात तिचा धाकटा भाऊ राहायचा, त्याला त्यांनी फोन केला. तिला घेऊन जा, तिकडे दाखवा, आणि हवं तर काही महिने ठेवूनच घ्या, इथं तिच्याशी बोलत बसायला कुणाला वेळ आहे, असं सांगितलं. ती जवळच बसली होती. बोलणं भावाशी आणि आपल्याबद्दल चाललंय एवढं तिला कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं आपले कपडे घड्या घालून पलंगावर काढून ठेवले.

भाऊ यायचा त्या सकाळी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. सून कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन सेलांचं पाकीट घेऊन आली. एक घड्याळाला घातला, एक उरला. सासूच्या मशीनचा दिवा विझलेला तिला दिसला, म्हणून उरलेला तिनं त्यात घातला. फोटोवाले तेव्हा शाळेत गेले होते.

दुपारी भाऊ आला. थट्टेखोर माणूस. उंबऱ्याशी बॅग ठेवतानाच म्हणाला, “काय सेलमास्तर, नातवंडांना चार्जिंगला लावलंत का नाही?” सगळे हसले. बहीण कोपऱ्यात मटार सोलत होती, तीही हसली, आणि सगळ्यांच्या बरोबर हसली. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

चहा झाला. मग फोटोवाले सवयीप्रमाणे तिच्या डोक्यावरून बोलू लागले. तिला काही कळत नाही, दाराशी कोण आलं ते समजत नाही, चारचौघांत लाज येते, असं बरंच. शेवटी म्हणाले, “मी तर हिच्याशी बोलणंच सोडलंय. ओरडून ओरडून घसा गेला. त्यापेक्षा भिंत बरी. ती परत परत विचारत तरी नाही.”

शेंग सोलणारा हात थांबला.

“तिसऱ्यांदा कधी विचारलं मी?” बायको म्हणाली.

ती हळू बोलली होती. इतकी वर्षं ती मोठ्यानं बोलायची, कारण तिला आपलाच आवाज पोचत नसे. आज पोचत होता.

मग सुनेनं दारातूनच चाचरत सांगितलं की सकाळी आईंच्या मशीनमध्ये नवा सेल घातलाय, घड्याळाला घालून उरलेला. काढलेला सेल खिडकीत होता. भावानं तो उचलला, बोटांत फिरवला. त्यावर पुसट लाल ठिपका होता.

“दाजी, हा कॅमेऱ्यात चालेल?”

“नाही.”

“टॉर्चमध्ये?”

“नाही चालायचा.”

“मग रिमोटला तरी?”

भावाच्या बोलण्यात थट्टा उरली नव्हती.

फोटोवाले उठले. टेबलापाशी जाऊन त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि गुलाबी ठिपक्याचा, नुकताच भरलेला एक सेल काढून बायकोपुढे धरला. सेल अजून कोमट होता.

“नको,” ती म्हणाली. “जोडी मोडली की सेल कामातून जातो.”

“तुला हे कुठून...” त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं.

“एवढं एकच तुम्ही इतक्या मोठ्यानं म्हणायचात, की कसल्याही सेलवर ऐकू यायचं मला.”

म्हणजे ते डबीत उरलेला सेल घालायचे तेव्हा आपल्याला काय मिळतंय हे तिला ठाऊक होतं. आणि ते सेल त्यांनीच घातले होते, स्वतःच्या हातानं, झाकण लावून वर एक थाप मारून. एकदाही हात अडखळला नव्हता. फोटोवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुनेनं मान वळवून घेतली.

त्यांनी सेल परत कॅमेऱ्यात बसवला. झाकण नीट लागेना, तसंच सोडलं. चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्यांनी भर गिऱ्हाइकांत कितीदा सुनावलं होतं, की घड्याळ सोडून दुसऱ्या कशाला वापरून फेकायचे सेल घेणारा माणूस आळशी असतो. आता तिथंच जायचं होतं.

“ताई, बॅग भरायची ना?” भावानं विचारलं.

“हे येऊ देत,” ती म्हणाली. “मग सांगते.”

आणि मटाराचं ताट बाजूला ठेवून ती खिडकीशी गेली. फोटोवाले भिंतीच्या कडेकडेनं चालले होते, कुणाला हाक न मारता. समोरच्या बाईनं भांड्यांवरून मान वर केली, पण आज काही ऐकू आलं नाही. त्यांची उजवी चप्पल टाचेला फटफट वाजत होती. ती अशी वाजते हे बायकोला माहीतच नव्हतं. वळणापर्यंत ती ऐकत आणि बघत उभी राहिली.