सासूने शिकवलेला कुत्रा

अ‍ॅमेझॉनच्या रानातल्या आमच्या वायवाय वस्तीत कवेशीमावशीइतकी बडबडी बाई दुसरी नव्हती. पण धाकटी बहीण वारली आणि तिचं तोंडच मिटलं. दोघी जन्माच्या मवायाना जमातीच्या. कसाव्याचे कंद किसताना त्या आपल्या बोलीत गप्पा छाटत बसायच्या. आम्हाला ओ की ठो कळायचं नाही.

बहिणीमागे ती बोली येणारा गावात एकच माणूस उरला, मावशीचा घरजावई नेहेम्या, तोही मवायानाच. आणि आमच्यात जावयाने सासूशी बोलायचं नसतं, तिच्या तोंडाकडे बघायचंही नसतं. निरोप जातो तो बायकोकडून. बायको एस्तेर, म्हणजे मावशीचीच लेक, पण इथेच वाढलेली, तिला येतं फक्त वायवाय.

"मोडा की ती रीत," मी एकदा चिडून म्हटलं. "आभाळ कोसळणार आहे का?"

"तुला लाज नसेल, मला आहे," मावशी फणकारली. मग हळूच म्हणाली, "माझं बोलणं कळणारा एकच माणूस उरलाय गं, आणि तो पाठ फिरवून बसतो."

त्या पावसाळ्यात तिने एक पिल्लू आणलं. आमच्यात शिकारी कुत्रा ठेवतात तसं घरातल्याच मचाणावर बांधलं आणि बस, ये, माग काढ, सगळं मवायानात शिकवलं. मोठं झाल्यावर लेकीच्या हाताने जावयाला देऊन टाकलं.

नेहेम्याने वायवायमध्ये हाका मारल्या. कुत्र्याने ढुंकून पाहिलं नाही.

"अरे, तुझ्या सासूचं लेकरू आहे ते," एस्तेर हसून म्हणाली. "तिच्या भाषेत बोल की!"

कपाळाला हात लावून तो मवायानात बोलला. कुत्रा टुणकन उठला. तेव्हापासून रोज संध्याकाळी नेहेम्या मचाणापाशी बसून कुत्र्याला रानातली हकीकत सांगायचा, आणि मावशी पाठमोरी किसत किसत कुत्र्यालाच उत्तरं द्यायची. कधी दोघंही हसायची. रीत कुठे मोडली नव्हती. मीच मेली डोळे पुसायची.

दोन वर्षांनी त्या कुत्र्याला जॅग्वारने मारलं. आता संपलं, असं मला वाटलं. मावशी किसणीला बसली होती, पण तिचा हात चालेना.

दिवस कलताना नेहेम्या आला. सासूकडे पाठ करून रिकाम्या मचाणासमोर बसला. मग मवायानात बोलायला लागला, मचाणाशीच.

मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि मचाणाला एकच प्रश्न विचारला. तेवढा मलाही कळला, कुत्र्याला ती रोज तेच विचारायची.

जेवलास का?