उत्तम घाडींची ताडोबाची सहल

लालबागच्या चाळीत पंगतीचा एक नियम आहे. जो वाढतो, तो स्वतःचं पान मांडत नाही. गणपतीतल्या सत्यनारायणाच्या जेवणाला भाताची परात घेऊन जिने चढून-उतरून त्याचे पाय मोडून आले तरी तो म्हणणार, "मी जेवतो मागाहून." मग कुणीतरी म्हातारा उठतो, त्याच्या हातातली परात काढून घेतो आणि दंडाला धरून त्याला खाली बसवतो. तो नको नको म्हणतो आणि पोटभर जेवतो. ते नको म्हणायचं म्हणून म्हटलेलं असतं, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

उत्तम घाडी या नियमात जन्मले, वाढले, आणि सगळ्या जगात तोच नियम चालतो असं धरून बसले.

घाडी परळच्या एका कंपनीत ॲडमिन बघत. ॲडमिन म्हणजे ज्या कामाला दुसरा मालक नाही ते काम. एसी गळला की घाडी, लिफ्टमध्ये कुणी अडकलं की घाडी, पाहुण्याला बिनसाखरेचा चहा हवा तरी घाडीच. जूनअखेर ते रिटायर होणार होते. त्याआधी राजस सरांच्या डोक्यात रिट्रीट शिरलं. राजस सर म्हणजे कंपनीचे नवे डायरेक्टर. त्यांच्यासमोर सहल हा शब्द काढायची सोय नव्हती. सहल शाळेची असते. सगळ्या ऑफिसने ताडोबाच्या जंगलात चार दिवस राहायचं, मनं मोकळी करायची आणि एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकायचं. "आपण सगळे एक फॅमिली आहोत," असं ते मीटिंगमध्ये म्हणाले, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या घाडींनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

"वाघ दिसेल ना, उत्तमजी?" राजस सरांनी विचारलं.

"सर, तो काही आपल्या पगारावर नाही," घाडी म्हणाले. राजस सर हसले नाहीत.

तर रिट्रीट ठरलं आणि घाडींच्या लष्कराच्या भाकऱ्या सुरू झाल्या. नागपूरपर्यंत विमान, पुढे बस, जंगलाला लागून असलेल्या रिसॉर्टमध्ये खोल्या. एकीला पालीची भीती, तिला वरच्या मजल्यावरची खोली. दोघांना कांदा-लसूण चालत नाही, तिसऱ्याला गाईचं दूध चालत नाही. एक साहेब घोरतात आणि त्यांच्या खोलीत कुणी झोपायला तयार नाही, पण हे त्यांना कळता कामा नये. जंगलात शांत बसून स्वतःला शोधायचा एक कार्यक्रम होता; त्याला सतरंज्या लागणार होत्या, त्याही घाडींनीच शोधल्या. टोप्यांसाठी ते दादरची दुकानं फिरले आणि येताना स्वतःसाठी बूट घेऊन आले. जाड तळव्याचे, चिखलात चालतील असे. आयुष्यात त्यांनी पिंजऱ्याबाहेरचा वाघ पाहिला नव्हता आणि नोकरी संपायच्या आत तो पाहावा, तेही आपल्या माणसांबरोबर बसून, एवढं एकच त्यांच्या मनाने घेतलं होतं.

रिसॉर्टवर गाड्यांची आणि खोल्यांची व्यवस्था बघणारा गुणाजी नावाचा माणूस होता, तिथल्याच गावचा. रोज फोन करून करून घाडींची त्याच्याशी दोस्ती जमली. "साहेब, तुमी आले की एक टाइम माह्या घरी जेवाचं," गुणाजी दर फोनला म्हणायचा. "येईन रे, येईन," घाडी म्हणायचे.

विमानाला आणि जंगलाच्या परवान्याला नावं लागतात, ओळखपत्रं लागतात. एचआरच्या नम्रता मॅडम शिवाजी पार्कच्या, गोड बोलणाऱ्या, वागायलाही वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "नावं तुम्हीच भरून टाका, उत्तमजी. तुमच्याइतकं नीट कुणी करणार नाही."

घाडींनी सगळ्यांची नावं भरली. स्वतःचं भरलं नाही.

घरी दर्शनाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मासे साफ करता करता विचारलं, "तुमचा नाव घातल्यात मा?"

"अगो, आपला नाव आपणच कसा घालूचा? तेंका कळता."

"तेंका कळता तर इतक्या वर्सांत तुमका बरी खुर्ची तरी गावली असती."

घाडी चिडले. बायकांना ऑफिसातलं काय कळतं, असं काहीतरी म्हणाले. पण त्यांचंही अगदी चुकत नव्हतं. पूर्वीचे मोठे साहेब होते तेव्हा कर्जतला, अलिबागला बसेस जायच्या. ते साहेब बसचा पत्रा थापटून ओरडायचे, "उत्तम चढला का? मग सोड गाडी." घाडींनी कधी नाव दिलं नव्हतं आणि त्यांच्यावाचून कधी गाडी सुटली नव्हती. ते साहेब गेले, आणि पत्रा थापटायची रीतही गेली, एवढं मात्र घाडींच्या ध्यानात आलं नाही.

तिकिटं काढायच्या आदल्या दिवशी ते नम्रता मॅडमकडे गेले. "एकदा नजर टाका, मॅडम. कुणी राहिलं असेल तर सांगा." एवढं बोलून ते टेबलापाशी उभे राहिले. चाळीत याचा अर्थ आंधळ्यालाही लागला असता. मॅडमनी स्क्रीनवर बोट फिरवलं. "परफेक्ट," त्या म्हणाल्या. "तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं."

तिकिटं निघाली. घाडींनीच काढली.

तरी आशा सुटली नाही. दर्शनाने तोवर गॅलरीभर सांगून ठेवलं होतं, आणि शेजारचा कुशाबा दात घासता घासता विचारायचा, "वाघाक काय नेतलास खावक?" मग निघायला थोडे दिवस असताना अकाउंट्सच्या धनेशचं जाणं रद्द झालं, त्याच्या बायकोला दवाखान्यात ठेवलं होतं. नम्रता मॅडम स्वतः उठून घाडींच्या टेबलापाशी आल्या. "उत्तमजी, एक जागा रिकामी झालीय." घाडी खुर्चीवरून उठले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं: नाही हो मॅडम, मी कशाला, मग त्या आग्रह करतील.

"तर त्या जागी तो व्हिडिओवाला घेऊ या," मॅडम म्हणाल्या. "राजस सरांना रील्स हव्यात. परवान्याचं तेवढं बघाल?"

घाडींनी बघितलं. ज्या बोटांनी धनेशचं नाव काढलं त्याच बोटांनी व्हिडिओवाल्याचं घातलं. मध्ये ती चौकट घटकाभर कोरी होती. बाजूला कुणी नव्हतं, कुणी विचारणारं नव्हतं. आपलं नाव घालायला किती वेळ लागला असता? पण भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही, आणि घाडींनी ही बहीण जन्मभर घरात ठेवून घेतली होती.

निघायच्या दिवशी विमानतळाची बस ऑफिसखाली उभी होती. घाडी बॅगा चढवत होते. पायात नवे बूट होते. का घातले, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. सगळे चढल्यावर नम्रता मॅडम दारात थांबल्या.

"तुम्ही आला असतात तर मजा आली असती. पण तुम्ही तुमचं नाव घातलं नाहीत, तेव्हा मीच सरांना म्हटलं, त्यांना नसेल यायचं, आपण जबरदस्ती नको करू या."

घाडींच्या तोंडून निघून गेलं, "यायचं होतं, मॅडम."

मॅडमचा चेहरा खरंच उतरला. "अहो, मग बोलायचं ना."

त्यात कपट नव्हतं, आणि तेच फार झोंबलं. कुणी अपमान केला असता तर घाडींनी तो चाळीत आणून चार जणांत वाटून घेतला असता. हा कुणाला सांगणार? रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला परक्या मुलीने दोन शब्दांत तेच सांगितलं, आणि तिचं चुकलं असंही म्हणता येईना.

"बरं, इथे आहातच," बसमध्ये चढत त्या म्हणाल्या, "तर ऑफिस रिकामं आहे तोवर एसीची सर्व्हिसिंग करून घ्याल?"

"घेतो," घाडी म्हणाले.

घरी त्यांनी सांगितलं, इथे महत्त्वाचं काम निघालं, मीच नको म्हटलं. दर्शनाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी एसीवाला शिडीवर चढलेला असताना फोन वाजला. गुणाजी होता.

"साहेब, बस आली तुमची. समदे उतरले, मी दारातच उभा हावो. तुमी दिसले नाही."

"मी नाही आलो, गुणाजी."

"काऊन जी? तब्येत?"

"तब्येत बरी आहे. माझं नाव नव्हतं."

गुणाजी म्हणाला, "मले सांगाचं होतं. मीच तुमचं नाव घातलो असतो."

दिवसभर घाडींना नम्रता मॅडमचा राग आला नव्हता, राजस सरांचाही नाही. आता तो आला, सगळ्यांचा मिळून आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. ज्यांच्याबरोबर उभा जन्म काढला त्यांच्यासमोर ते न बोलता वाट बघत उभे राहिले होते. आणि जो माणूस खरोखर विचारत होता, दर फोनला विचारत होता, त्याचं बोलावणं त्यांनी येईन रे, येईन म्हणून बाजूला टाकलं होतं.

"बायकोनं पाटोडीची भाजी केली हाये," गुणाजी म्हणाला. "म्हटलं साहेब आले की संगं बसू. आमी अजून कोणी जेवलो नाही."

"माझ्यासाठी थांबू नका," घाडी म्हणाले. "जेवून घ्या."